थरथर गाडीची की हातांची

गाडीतळावर तिला सगळे भिंगरीच म्हणत. लहानपणी ती एका जागी म्हणून बसायची नाही, जेवतानासुद्धा ताट हातात घेऊन घरभर हिंडायची, तेव्हा आईने वैतागून हे नाव ठेवलं होतं. पुढे केसांत पांढरं दिसू लागलं, तरी ते सुटलं नाही. लग्नानंतर काही दिवस ती नवऱ्याच्या शिवणाच्या दुकानात काजं करायला, बटणं लावायला बसली. पण दर थोड्या वेळाने काहीतरी निमित्त काढून रस्त्यावर जाऊन यायची. शेवटी नवराच म्हणाला, "अगं, तू गाडी चालवायला शीक. बसायला खुर्चीही मिळेल आणि हिंडणंही होईल." तो बोलला होता चेष्टेत. तिने मनावर घेतलं.

तर अशी ही भिंगरी. घाटापलीकडच्या मोठ्या इस्पितळात पेशंटना नेणं आणि परत आणणं हा तिचा धंदा. माणसं तिच्या गाडीला थांबून राहत, कारण तिचा हात हलका होता. मागे बसलेल्या आजारी माणसाच्या पोटातलं पाणी हलू न देता ती वळणं घ्यायची. शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर डायलिसिससाठी नेहमी तिच्याबरोबर जात. ते पुढच्या सीटवर बसायचे आणि सुटल्या सुटल्या झोपायचे. "मला घरी झोप येत नाही पोरी," ते म्हणत, "तुझ्या गाडीत मात्र डोळा लागतो." भिंगरीला याचा फार अभिमान.

तिच्या धाकट्या भावाचं टायरचं दुकान होतं, बाजाराच्या टोकाला, पेट्रोल पंपाच्या शेजारी. दोघांत अंतर फार नव्हतं, पण तो तिला ताईच म्हणायचा आणि भांडताना तेवढं विसरायचा. कुण्या गिऱ्हाइकाने मागवलेली आणि मग नको म्हटलेली चकचकीत अलॉय चाकं त्याच्याकडे पडून होती. एके दिवशी त्याने ती परस्पर ताईच्या गाडीला चढवून टाकली. मूळची लोखंडी चाकं त्याने दुकानाच्या मागे ठेवली, एक तेवढं स्टेपनी म्हणून डिकीत राहू दिलं. भिंगरी आली, गाडीकडे बघितलं, आणि तिच्याभोवती एक फेरी मारली.

"म्हातारीला नवे दागिने घातलेस की रे!"

"कुणाला म्हातारी म्हणतेस? गाडीला की तुला?"

ती हसत हसत घरी गेली. तो आनंद फक्त घाटापर्यंत टिकला.

दुसऱ्या दिवशी घाट उतरून सरळ रस्त्याला लागल्यावर काटा ऐंशीच्या जवळ गेला आणि तिच्या तळव्यांना काहीतरी जाणवलं. झोपलेल्या मांजराच्या पाठीवर हात ठेवावा तशी बारीक थरथर. वेग कमी केला, थांबली. वाढवला, परत आली. तिने रेडिओ बंद केला, काच वर घेतली, श्वास रोखून ऐकलं. आवाज कसलाच नव्हता. जे काही होतं ते हातांत होतं.

परत आल्यावर ती थेट भावाच्या दुकानात गेली. त्याने कटकट न करता चाकं काढली, एकेक करून बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवली. यंत्राने शून्य दाखवलं, सगळ्यांना.

"चाकं एकदम नंबर एक आहेत, ताई."

"मग हलतंय काय?"

"रस्ता हलत असेल."

त्याने चाकं पुन्हा बसवली आणि गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी थरथर जवळपास गेली. भिंगरीने मनातल्या मनात भावाचे आभार मानले. पण पुढच्या आठवड्यात ब्रेक तपासायला चाकं काढावी लागली, परत लावली, आणि थरथर दुप्पट होऊन आली. पुन्हा यंत्र, पुन्हा शून्य. मग अलाइनमेंट झालं. मग स्टीअरिंगचे सांधे तपासले. कधी कमी, कधी जास्त, कधी नाहीच. ज्या दुखण्याला नेम नाही ते दुखणं आहे की नाही हेच कळेनासं होतं, तसं तिचं झालं. रोज सकाळी किल्ली फिरवताना ती स्वतःलाच विचारायची, आज काय असेल?

एकदा धाकटाही वैतागला. "मी स्वतः फिरवून आणली गाडी. काही नाही तिला."

"गावात फिरवलीस ना? मोठ्या रस्त्याला ने."

"मला दुकान सोडून वेळ आहे का? आणि एक सांगू? गाडीला काही नाहीये. तुझे हात थरथरत असतील."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. भिंगरी हसली नाही. धाकटाही हसला नाही. तो चटकन पाठ फिरवून आत गेला.

आता हे वाक्य तिला इतकं का लागलं ते सांगायला हवं. त्यांची आई कंपवाताने गेली होती. सुरुवात हातांच्या बोटांपासून झाली. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासल्यासारखं करायची, जणू चिमटीत काहीतरी चुरतेय. मग कप निसटायला लागले, मग चमचा, मग घास. शेवटची वर्षं भिंगरीने तिला भरवलं. ज्या बाईने सगळ्या गल्लीचे स्वेटर विणले, तिच्या हातून शेवटी स्वतःच्या तोंडावरची माशी हाकलली जात नव्हती.

धाकटा तसं बोलला त्या दिवसापासून भिंगरीने स्वतःच्या हातांवर पाळत ठेवली. सकाळी उठल्यावर दोन्ही हात समोर धरून बघायची. पाण्याने काठोकाठ भरलेला पेला घेऊन स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जायची आणि जमिनीवर थेंब पडला का ते वाकून बघायची. नवऱ्याच्या शिलाई मशीनच्या सुईत दोरा ओवायची, काढायची, पुन्हा ओवायची. नवरा दोन दिवस बघत राहिला.

"काय चाललंय हे?"

"काही नाही. डोळे तपासतेय."

"डोळे तपासायला माझी सुई कशाला हवी? आणि दर वेळी हाताकडे काय बघतेस?"

ती सुई तशीच सोडून उठून गेली. हात थरथरत नव्हते. पण ते थरथरत नाहीत याची खात्री करण्यासाठी इतका वेळ टक लावून बघितलं, की कुणाचेही हात थोडे हलणारच. मग ती पुन्हा पेला भरायला जायची.

सोपा उपाय होता. दुसऱ्या कुणाची गाडी घेऊन मोठ्या रस्त्याला एक चक्कर मारायची, म्हणजे निकाल लागला असता. गाडीतळावरच्या कुणीही किल्ली दिली असती. पण तिला ते धाडस होईना. त्या दुसऱ्या गाडीचंही स्टीअरिंग थरथरलं तर? मग कुणावर खापर फोडायचं? त्यापेक्षा ही घालमेल परवडली, असं तिने ठरवलं आणि ऐंशीच्या आत गाडी चालवायला लागली. प्रवासाला वेळ लागू लागला. मास्तर झोपेनासे झाले.

"पोरी, हल्ली तू स्टीअरिंग असं आवळून का धरतेस? पळून जाणार आहे का ते?"

"रस्ता खराब आहे, मास्तर."

"रस्ता तोच आहे. मी इतकी वर्षं मुलांच्या थापा ऐकल्यात." एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत बसले.

आणि मग एक दिवस पुढचं डावं टायर पंक्चर झालं. इस्पितळातून परतत होते, दुपार होती, मास्तर थकून आज मागच्या सीटवर आडवे पडले होते. भिंगरीने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकाला दगड लावला. नट ढिले करायला गेली तर एक सहज सुटला आणि दुसरा इतका आवळलेला, की तिला पान्यावर पाय देऊन उभं राहावं लागलं. "सगळ्यांना सारखा जोर लावायचा एवढंही कळत नाही गाढवाला," ती भावाच्या नावाने पुटपुटली. जॅक लावून गाडी उचलली, नट काढले. शेवटचा नट निघताच चाक धपकन खाली आलं आणि स्टडच्या, म्हणजे नट ज्यांवर बसतात त्या दांड्यांच्या, आट्यांवर टेकलं.

तिने चाक बाजूला ठेवलं. डिकीतून स्टेपनी काढली. ते जुनं लोखंडी चाक, गंज चढलेलं, ओबडधोबड. ते उचलून तिने स्टडवर धरलं आणि आत ढकललं, तर मधलं भोक हबच्या, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या गोलाच्या, उंचवट्यावर असं घट्ट सरकलं, जसं डब्यावर झाकण बसावं. तिने हात सोडले. चाक जागच्या जागी राहिलं. एकही नट लावलेला नव्हता.

भिंगरी रस्त्याच्या कडेला तशीच उकिडवी बसून राहिली. मग तिने अलॉयचं चाक ओढून जवळ घेतलं आणि त्याच्या मधल्या भोकाकडे बघितलं. ते मोठं होतं. चांगलंच मोठं. हबवर ठेवलं असतं तर सभोवती बोट फिरलं असतं. म्हणजे इतके दिवस ते चाक हबवर बसलेलंच नव्हतं. नुसतं नटांनी लटकलं होतं, आणि जो नट आधी आवळला त्या बाजूला सरकत होतं. म्हणून प्रत्येक वेळी काढून लावलं की थरथर बदलत होती!

नट समोरासमोरचे घेत, थोडे थोडे करत तिने आवळले आणि गाडी सुरू केली. काटा ऐंशीवर नेला. थरथर होती, पण निम्मी. डावीकडची गेली होती, उजव्या चाकाची उरली होती.

"मास्तर," ती जोरात म्हणाली, "हात निम्मे थरथरू शकतात का हो?"

मास्तर धडपडत उठले. "काय झालं? पोहोचलो?"

"नाही. झोपा तुम्ही."

मास्तरांना घरी सोडून ती धातू कातून सुटे भाग बनवणाऱ्या टर्नर काकांकडे गेली. काकांचं लेथ मशीन एका पत्र्याच्या खोलीत होतं आणि बोलताना ते मशीन बंद करत नसत, त्यामुळे त्यांच्याशी सगळं ओरडूनच बोलावं लागे. तिने अलॉयचं चाक त्यांच्यासमोर ठेवलं. काकांनी मधल्या भोकात हात घालून बघितला.

"रिंग कुठेय याची?"

"कसली रिंग?"

"ही चाकं वेगवेगळ्या गाड्यांना चालावीत म्हणून भोक मोठं ठेवतात, पोरी. तुझ्या हबचा गोल लहान. मधली फट भरायला रिंग येते, बहुधा प्लास्टिकची. ती घातली की चाक बरोबर मध्यावर बसतं. मध्य धरायचं काम रिंगचं, दाबून धरायचं काम नटांचं. नटांनी दोन्ही कामं करायची म्हटलं तर कधी जमतं, कधी नाही."

"पण यंत्रावर तर बरोबर दाखवायचं!"

"यंत्र चाकाला त्याच्या स्वतःच्या भोकात पकडतं. तिथे ते मध्यावरच असणार. तुझ्या गाडीवर ते आहे का, हे यंत्राला काय ठाऊक?"

काकांनी हबचं आणि भोकाचं माप घेतलं आणि ॲल्युमिनियमच्या रिंगा कातून ठेवतो म्हणाले. त्या तयार होईपर्यंत भिंगरीला घरात चैन पडेना. राग येत होता, सुटल्यासारखंही वाटत होतं, आणि या दोन्हींच्या खाली आणखी काहीतरी डाचत होतं. धाकटा लहान वयापासून टायरच्या कामात होता. डोळे मिटून चाक बसवायचा. रिंग म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं? आणि नट असे वेडेवाकडे आवळायला तो काय शिकाऊ होता?

रिंगा मिळाल्या त्या सकाळी ती दुकानात गेली. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. तिने रिंगा टेबलावर आपटल्या.

"हे घाल आतून. माझ्यासमोर."

धाकट्याने रिंगांकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "ठेव तिथे. संध्याकाळपर्यंत करून देतो."

"आत्ता."

"ताई, माझी कामं आहेत."

"कुठली कामं? इथे काळं कुत्रं नाहीये! इतके दिवस मला वेड्यासारखं फिरवलंस, माझेच हात थरथरतात म्हणालास, चार लोकांत हसं केलंस. आता एक रिंग बसवायला तुला संध्याकाळ लागते?"

त्याने गाडी उचलली, एअर गनने नट काढले, चाक उजव्या हातानेच ओढून उतरवलं. मग खिशातून डावा हात काढला आणि रिंग उचलली. त्याने ती चाकाच्या भोकाजवळ नेली. रिंग कडेवर टकटकली. पुन्हा नेली, पुन्हा टकटकली. तिसऱ्यांदा ती बोटांतून निसटली, फरशीवर गडगडत गेली आणि टायरच्या ढिगाऱ्याखाली जाऊन पडली.

भिंगरी रिंगकडे बघत नव्हती. धाकट्याने हात मांडीवर टेकवला होता आणि त्याचा अंगठा पहिल्या बोटावर घासत होता, आपला आपणच, चिमटीत काहीतरी चुरल्यासारखा.

बाहेर पंपावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. ती त्याच्यासमोर खाली बसली आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. थरथर तिच्या तळव्यांत उतरली. ही कुठली, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"केव्हापासून?"

"रिंगा आल्या होत्या चाकांबरोबर," तो म्हणाला, जणू तिने तेच विचारलं होतं. "तिकडे डब्यात आहेत. त्या दिवशी बसवायला गेलो तर बसेचनात. दुकानात माणसं उभी होती. म्हटलं, नट आहेत ना, काय होतंय."

"मी विचारलं, केव्हापासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून असेल. आधी वाटलं गनने हात बधिर होतोय."

"घरी?"

"बायकोला शंका आहे. शर्टाची बटणं ती लावते. विचारत नाही." त्याने तिच्याकडे बघितलं. "ताई, तू म्हणालीस ना, की गाडी थरथरते. मला पहिल्यांदा वाटलं, तुला माझं कळलंय आणि तू आडून बोलतेयस."

भिंगरीला रडायचं होतं, पण तिच्या डोक्यात भलतंच चक्र सुरू झालं होतं. तिने त्याचा हात घट्ट धरूनच विचारलं, "नट हाताने सुरू करतोस की गनने?"

त्याने हात सोडवून घ्यायला बघितला.

"सांग."

"गनने. हाताने आट्यावर बसत नाहीत. एखादा तिरका जातो."

"म्हणजे माझीच गाडी नाही. गेल्या हिवाळ्यापासून तू लावलेलं प्रत्येक चाक."

त्याने मान खाली घातली. तिरका गेलेला नट आवळल्यासारखा वाटतो आणि एक दिवस सुटतो, हे दोघांनाही माहीत होतं. आजवर काही झालं नव्हतं हे निव्वळ नशीब.

भिंगरी उठली. आईच्या आजारपणात ती जशी वागली होती तशीच आता वागायला लागली, म्हणजे हातापायांना काम दिलं. आधी टायर हलवून रिंग शोधून काढली. चारही रिंगा बसवल्या, एकेक चाक चढवलं, प्रत्येक नट बोटांनी फिरवत आत नेला, मग गाडी खाली घेऊन समोरासमोरचे आवळले. शेवटी ठरलेल्या जोराला टक् असा आवाज करणाऱ्या पान्याने सगळे एकसारखे केले. तो पाना खोक्यात धूळ खात पडला होता. मग पुठ्ठ्याचा एक तुकडा घेतला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: चाकांचे नट मोफत तपासून मिळतील.

"लोक विचारतील, का म्हणून," धाकटा म्हणाला.

"सांग खरं ते."

"धंदा बसेल, ताई."

"चाक निघून कुणी घाटात गेलं तर काय उभा राहणार आहे?"

तो पुठ्ठा पेट्रोल पंपासमोर लागला. ज्यांचे फोन नंबर होते त्यांना धाकट्याच्या बायकोने फोन केले. "वन्सं, काय सांगू त्यांना?" तिने आधी विचारलं होतं, आणि मग स्वतःच ठरवून सांगितलं, "आमच्याकडून काम नीट झालं नसेल, एकदा दाखवून जा." काही आले, हसून गेले. काही चिडले. एकाच्या गाडीच्या मागच्या चाकाला दोन नट तिरके निघाले आणि तिसऱ्याचा स्टडच तुटून हातात आला. त्या गाडीत लहान मुलांची सीट लावलेली होती. धाकटा ती बघून दुकानाच्या मागे जाऊन उभा राहिला, बराच वेळ आला नाही. गाडीवाला खूप बोलला, आणि ते सगळं भिंगरीने मान खाली घालून ऐकून घेतलं.

डॉक्टरकडे न्यायला मात्र त्याला ओढावंच लागलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला चालायला लावलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली, काहीतरी लिहायला लावलं. आईचाच आजार होता. बाई म्हणाल्या, औषधं आता आधीपेक्षा चांगली आहेत, लवकर आलात हे बरं केलंत. मग त्यांचं लक्ष भिंगरीकडे गेलं. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले होते.

"तुम्ही बहीण ना? दाखवा बघू."

तिने हात पुढे केले. बाईंनी ते धरले, वळवले, सोडले. "आज तरी काही दिसत नाही."

"उद्या?"

"तसं कुणालाच सांगता येत नाही हो."

बाहेर आल्यावर धाकटा म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो ना, तुझे हात..." आणि वाक्य कुठे चाललंय हे लक्षात येऊन थांबला. मग दोघंही इस्पितळाच्या पायऱ्यांवर उभे राहून वेड्यासारखे हसले. येणारीजाणारी माणसं वळून बघायला लागली.

धंदा थोडा बसला, सगळा नाही. चाकं बसवायला त्यांनी एक अनुभवी कारागीर ठेवला. धाकटा यंत्रावर बसतो आणि कारागिराच्या प्रत्येक नटात खोट काढतो. औषधाने दिवसाचा बराच वेळ हात शांत असतो, आणि तेवढ्या वेळात त्याचा तोरा बघण्यासारखा असतो. हात थरथरतो तेव्हाही तो आता खिशात घालत नाही. एका गिऱ्हाइकाने विचारलंच, तर म्हणाला, "आईकडून आलंय. घर ताईला मिळालं, मला हे."

"घर कुठलं रे मेल्या? भाड्याचं होतं ते!" भिंगरी गाडीतून ओरडली.

तिची गाडी आता शंभरावरही लोण्यासारखी जाते. मास्तर पुन्हा झोपायला लागले आहेत, घोरतातसुद्धा. पण भिंगरीचं लक्ष काही पूर्वीसारखं निवांत नसतं. सरळ रस्ता लागला की ती क्षणभर एक हात स्टीअरिंगवरून उचलते, समोर हवेत धरते, बघते, आणि परत ठेवते. तेवढ्यात वळण येतं.